खटका

खट्ट.

पुन्हा तेच. दिवा गेला, फ्रीज एकदा अंग झाडून गप्प झाला, आणि बाहेर जिन्यातलाही दिवा गेला असणार, कारण खालून घरमालकिणीचा आवाज लगोलग वर आला. इकडे खोलीत टेलरबाईचा हात अजून ओव्हनच्या बटणावरच होता. चांगली सकाळ होती, पण खोली मागच्या अंगाची, खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत, त्यामुळे दिवा गेला की या घरात केव्हाही तिन्हीसांज व्हायची. त्या अंधुक उजेडात नवीकोरी विजेची शेगडी उभी होती. पांढरीशुभ्र, वर चार काळे गोल तवे, खाली काचेच्या दाराचा ओव्हन, आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा. काल दुकानातली दोन माणसं ती जिन्यावरून कण्हत कुंथत वर घेऊन आली, भिंतीतल्या मोठ्या जोडणीत तिची वायर बसवली, वरचा एक तवा तापवून दाखवला आणि गेली. ओव्हन कुणी लावून बघितलाच नाही. तो तिने आज सकाळी लावला आणि बोर्डातला खटका खाली पडला. वर केला, परत लावला, परत पडला. आता पुन्हा. कुठल्याही क्षणी पाठीमागून ओळखीचा आवाज येईल, ‘राहू दे, मी बघतो,’ असं तिला वाटत होतं. तिने मान वळवून पाहिलंसुद्धा. पाठीमागे एक खुर्ची होती आणि खुर्चीवर तिचा ओला टॉवेल.

“अहो टेलरबाई!” घरमालकीण दारात येऊन उभी राहिली. एका हातात अर्धा सोललेला कांदा, दुसऱ्यात सुरी. कांद्यामुळे की रागामुळे, डोळे लाल झाले होते. “काय चाललंय काय? सकाळपासून जिना नुसता काळाकुट्ट. वरचे आजोबा गडगडत खाली आले असते म्हणजे?”

“नवीन शेगडी आहे. काहीतरी बिनसलंय तिचं.”

“तिचं बिनसलंय ते तिच्यापाशी ठेवा. जिन्याचा दिवा तुमच्याच बोर्डावर आहे हे मी आधी बोलले होते. गॅस इथे चालत नाही, तेही आधी बोलले होते. तुमच्या आधीच्या बाई जन्मभर एका छोट्या तव्यावर स्वयंपाक करून गेल्या, एकदा म्हणून दिवा गेला नाही. तुम्हाला एवढं धूड कशाला लागतं एकटीला?”

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते कांदा सोलणाऱ्या बाईला देण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, “संध्याकाळपर्यंत नीट करते.”

“संध्याकाळपर्यंतच. नाहीतर शेगडी खाली उतरवा. आणि शेगडीवाचून चालणार नसेल तर मग तुम्ही तुमची सोय बघा. मी काही मनात ठेवून बोलत नाही, तोंडावर सांगते.” एवढं बोलून ती जिना उतरून गेली, आणि कांद्याचा वास तेवढा मागे राहिला.

तिने खुर्ची ओढली, तिच्यावर चढली, बोर्डाचं झाकण उघडलं आणि खटका वर केला. दिवा आला, फ्रीज पुन्हा गुरगुरायला लागला. खटका वर करताना प्रत्येक वेळी तिचे दात आपोआप दाबले जायचे आणि डोळे मिटायचे, जणू कुणीतरी थोबाडीत मारणार आहे. या वयात, अर्धं डोकं पांढरं झालेलं असताना, विजेच्या बोर्डाला हात लावायची तिला कालपर्यंत सवय नव्हती. लग्नानंतर तिने एकदाही बोर्डाला हात लावला नव्हता. लावायची वेळच आली नाही. नवरा विजेचा इंजिनिअर. मोठमोठ्या कारखान्यांच्या वायरिंगचे नकाशे करायचा, आणि घरी आल्यावर घराचा. त्यांच्या घरातला बोर्ड म्हणजे बघण्यासारखी चीज होती. येणाऱ्या पाहुण्याला बैठकीआधी बोर्ड दाखवला जायचा. प्रत्येक खटक्याखाली बारीक, सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: बैठक पंखा, न्हाणीघर, स्वयंपाकघर उजवीकडचं. दिवा गेला की तो अंधारात न धडपडता बोर्डापर्यंत पोचायचा, आणि त्याच्या मागोमाग ती, टॉर्च घेऊन. टॉर्च धरणं हे तिचं काम. ‘जरा खाली. नाही, एवढं खाली नाही. हात हलवू नकोस.’ ती हात हलवायची नाही. लेक लहान होती तेव्हा शाळेत ‘माझे आईबाबा’ असं चित्र काढायला सांगितलं होतं. लेकीने बाबांना शिडीवर काढलं होतं आणि आईला खाली, हातातून पिवळा फराटा निघालेली. सगळे हसले होते. तीही हसली होती, खोटं नाही, खरंच हसली होती. ते चित्र कितीतरी दिवस फ्रीजच्या दारावर होतं आणि त्या दारापुढून दिवसातून पन्नासदा जाता-येता तिला त्यात काही वेगळं दिसलं नव्हतं. माणसाला दिसायला एवढी वर्षं का लागावीत, हे तिला कळत नव्हतं. कदाचित टॉर्च ज्याच्या हातात असतो त्याच्यावर उजेड पडत नाही, एवढंच.

फोन वाजला. लेक. रविवारी सकाळी तिचा फोन यायचाच, आईची तब्येत आणि आईचं डोकं दोन्ही ठिकाणावर आहे ना हे बघायला.

“शेगडी बसली का? काय केलंस पहिलं?”

“अजून काही नाही. ओव्हन लावला की खटका पडतोय.”

“अगं मग बाबांना विचार ना! दहा मिनिटांत सांगतील.”

“नको.”

“आई, नुसतं फोनवर विचारायचं. त्यांना किती बरं वाटेल. परवा मी गेले तर ते मिक्सर उघडून बसले होते. चांगला चालणारा मिक्सर. काही बिघडलंच नव्हतं त्यात.”

तिच्या डोळ्यांसमोर ते आलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्याच्यावर स्क्रू ओळीने मांडलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. काळजात थोडं हललं. हलणारच, दगड नव्हती ती. “त्यांना सांगू नकोस,” ती म्हणाली.

“कमाल आहे तुझी. घरात इंजिनिअर असताना—”

“माझ्या घरात नाहीये.”

“बरं,” लेक म्हणाली, आणि त्या ‘बरं’वरूनच तिला कळलं, की ही आता फोन ठेवून लगेच बाबांना लावणार. वडिलांवर गेली होती. कुणाचं अडलेलं तिला बघवत नसे.

तर मग वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. तिने कपाटातून रबरी सपाता काढून पायात घातल्या, का ते तिला नीट माहीत नव्हतं, पण नवरा घालायचा. शेगडीसमोर फरशीवर बसली. बघू या, तिने स्वतःला मोठ्याने सांगितलं, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. तयार कपड्यांच्या दुकानात ती कपडे लहान-मोठे करून द्यायचं काम करायची. कोटाची बाही, पॅंटची उंची, उसवलेलं अस्तर. एखादी शिवण कुठून तरी सुटलेली असते आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं, बाई, हा सगळा कोटच वाया गेला. सगळा कोट कधीच वाया गेलेला नसतो. तेव्हा शेगडीही सगळी वाया गेलेली नसणार. तिने फ्रीज सोडून बाकी सगळं बंद केलं. मग वरचा डावीकडचा तवा लावला आणि डोळे मिटून वाट बघितली. काही नाही. तव्यातून नव्या लोखंडाचा कडवट वास यायला लागला. तो बंद केला, दुसरा लावला. काही नाही. तिसरा, चौथा. नंतर हिंमत करून चारही एकदम. चारही तवे हळूहळू लालसर झाले, खोली तापली, तिच्या कपाळावर घाम आला, आणि खटका जागचा हलला नाही. म्हणजे भार जास्त होतोय असं नव्हतं. ‘भार जास्त झालाय’ हे नवऱ्याचं सगळ्यात आवडतं निदान. वीज असो, लेकीचा अभ्यास असो, की बायकोचं डोकं दुखणं असो. ती एकटीच हसली. ओव्हनच्या बटणावर वेगवेगळ्या खुणा होत्या. एकीत रेघ वरच्या बाजूला, एकीत खालच्या, एकीत दोन्हीकडे. सकाळी तिने दोन्हीवाली लावली होती. आता फक्त वरची लावली. ओव्हनच्या छताला असलेली वेटोळी कॉईल आधी काळी, मग तांबूस, मग केशरी झाली, आणि दिवा तसाच जळत राहिला. मग तिने बटण फिरवून फक्त खालची लावली.

खट्ट.

खालून भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, बहुतेक लाटणं किंवा झाडूचा दांडा. पण या वेळी तिला भीती वाटली नाही. उलट छातीत काहीतरी फुलल्यासारखं झालं. सापडलास! सगळ्या शेगडीत एकच वस्तू होती, ओव्हनच्या तळाखालची कॉईल, जी खटका पाडत होती. बाकी सगळं धडधाकट होतं. बाकी सगळं तिचं होतं, वापरायला मोकळं होतं. ती खुर्चीवर चढली आणि खटका वर केला, आणि वर करून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की या खेपेला आपण डोळे मिटले नव्हते.

शेगडीच्या कंपनीचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. फोनवर आधी बराच वेळ बासरी वाजली, मग एक तरुण, सर्दी झालेली मुलगी बोलायला आली. तिने मुलीला सगळं सांगितलं. तवे चालतात, वरची कॉईल चालते, खालची लावली की खटका. सांगताना तिला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

“अरे वा, मॅडम, तुम्ही तर सगळं शोधूनच ठेवलंय,” मुलगी नाक ओढत म्हणाली. “लोक नुसतं ‘चालत नाही’ म्हणतात. बहुतेक कॉईलमध्ये ओल धरली असेल. गोदामात महिनोन्‌महिने पडून असतात ना, आत तारेभोवती पूड भरलेली असते, ती हवेतलं पाणी ओढून घेते. मग करंट थोडा बाहेर झिरपतो आणि खटका पडतो. तो पडतोय हे चांगलं आहे, पडायलाच हवा. तो बांधून-बिंधून ठेवू नका हां.”

“मग करायचं काय?”

“वरची कॉईल चालू ठेवा. चांगला वेळ. आतून ओव्हन तापला की खालची पण सुकत जाते. मधून मधून लावून बघा. कशाचंही झाकण उघडू नका. नाहीच राहिला खटका वर, तर मी मंगळवारी माणूस पाठवते.”

मंगळवार. घरमालकिणीने दिलेली मुदत संध्याकाळची. तिने वरची कॉईल लावली, ओव्हनचं दार बोटभर उघडं ठेवलं आणि समोर बसून राहिली. गरम हवेचा झोत गुडघ्यांवर येत होता. ओव्हनच्या काचेवर आतून दमट धुरकट पट्टा धरला होता, म्हणजे ओल होती तर खरी, आणि ती बाहेर पडत होती. ती बघत बसली. असं नुसतं बसून काहीतरी सुकण्याची वाट बघायला तिला कधी मिळालं नव्हतं. त्या घरात काहीच बिघडलेलं राहायचं नाही. नळ गळायला लागला की थेंब मोजायच्या आत पाना आलेला असायचा. बरणीचं झाकण घट्ट बसलं की तिच्या हातातून बरणी काढून घेतली जायची. हिसकावून नव्हे, तसा तो माणूस नव्हता. अगदी हळुवारपणे, जसं झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढून घेतात. राहू दे, मी बघतो. तिची सासू म्हणायची, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. बहीण म्हणायची, आमच्याकडे बसल्या जागी पाणी मागतात, तुझं बरं आहे. सगळ्यांचं बरोबर होतं. तक्रार करायला जागाच नव्हती, आणि ज्याच्याबद्दल तक्रार करता येत नाही ते माणसाला आतल्या आत किती खातं, हे कुणाला सांगायला जावं तर लोक डोक्याला हात लावून ताप आहे का बघतील. म्हणून लेकीचं लग्न झाल्यावर तिने दुकानातलं काम धरलं. गरज काय, असं तो म्हणाला, पण अडवलं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला, कपडे घालून बघायच्या खोल्यांशेजारी, तिचं मशीन होतं. जुनं, खडखडणारं मशीन. त्याचा एक सूर होता. चाक उलटं फिरवताना ते जरा अडायचं आणि अडलं की तिचा अंगठा आपोआप एका जागी दाबला जायचा, मग ते सुटायचं. त्या मशीनचं अडणं आणि तिचा अंगठा यांच्यात एक समजूत होती. आणि एके दिवशी तो तिला न्यायला म्हणून दुकानात आला. मशीनचा आवाज ऐकला, भुवया वर गेल्या. ‘उठ जरा,’ म्हणाला. तो गुडघे टेकून खाली बसला, खिशातून छोटा पेचकस काढला, कुठे काय पिळलं, कुठे तेल सोडलं, आणि मशीन लोण्यासारखं चालायला लागलं. मालक खूष. कपडे घालून बघायला आलेली गिऱ्हाइकं खूष. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘टेलरबाई, नशीबवान आहात!’ तिने बसून एक शिवण घातली. शिवण सरळ आली, आजवर आली नव्हती इतकी सरळ. अंगठा त्या जागेवर गेला, आणि तिथे आता काही अडत नव्हतं. घरी जाताना ती त्याच्या बरोबरीने चालत होती आणि रस्त्यातल्या प्रत्येक इमारतीवर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी दिसते का, ते बघत होती. आपण काय बघतोय हे तिचं तिलाच बऱ्याच पाट्यांनंतर कळलं.

तिने खालची कॉईल लावली. दिवा जळत राहिला. एक श्वास, दोन श्वास, तिसरा घेतला आणि खट्ट. पण आधी तो लागलीच पडायचा! आता तीन श्वास थांबला होता. बटण परत वरच्या कॉईलवर नेऊन ती खुर्चीवर अक्षरशः उडी मारून चढली आणि खटका वर केला.

मग बेल वाजली.

दारात तो होता. तीन जिने चढून धाप लागलेली, चेहरा लाल, खांद्याला ती चामड्याची जुनी पिशवी, जिच्यातला पाना कुठे आणि चिमटा कुठे हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. दाढी नीट झालेली नव्हती, हनुवटीखाली पांढरे खुंट राहिले होते. मागे घरमालकीण, या खेपेला कांद्याशिवाय.

“हे तुमचे मिस्टर म्हणे! इंजिनिअर म्हणे!” घरमालकीण म्हणाली. तिचा सूर पार बदलला होता. “अहो, मग आधी सांगायचं की. मी उगाच टाकून बोलले. या साहेब, आत या, बघा काय ते.”

तो आत आला. पहिल्यांदाच येत होता, पण त्याची नजर खोलीवर, अंथरुणावर, तिच्यावर फिरली नाही. सरळ बोर्डावर गेली. “हा इतका वर का बसवलाय?” मग शेगडीकडे. “भार जास्त झाला असणार.”

“भार नाही. चारही तवे एकदम लावून बघितले.”

तो थबकला. तिच्याकडे बघितलं. “एकदम लावलेस? तू?” आणि पिशवी खाली ठेवून तिची चेन ओढली. “बरं, मग मागची पट्टी उघडून जोडणी बघतो. मेन बंद कर. टॉर्च आहे का इथे? राहू दे, माझ्याकडे आहे.”

“उघडायचं नाहीये,” ती म्हणाली.

“अगं दोन स्क्रू आहेत.”

“असू देत. तुम्ही बसा. चहा करते, तवे चालतात. पण शेगडीला हात लावायचा नाही.”

घरमालकिणीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “काय म्हणताय काय बाई? घरचा माणूस, फुकटात करतोय, आणि तुम्ही नको म्हणता? मी संध्याकाळचं काय सांगितलंय ते ध्यानात आहे ना? उद्या मला बोल लावायचा नाही.”

“आहे ध्यानात. संध्याकाळपर्यंत नाही झालं तर शेगडी उतरवून देईन.”

“आणि मग?”

“मग दुसरी खोली बघेन. पण हे इथे काही करणार नाहीत. ते पाहुणे आहेत.”

ओव्हनमधली कॉईल तेवढी बारीक टिकटिकत तापत होती. घरमालकिणीने तोंड उघडलं, मिटलं, पदरचं काहीतरी बोलायचं होतं ते गिळलं, आणि “बघा बाई तुमचं तुम्ही,” म्हणून दारातच टेकून उभी राहिली. हे असं चालू असताना खाली जाणं तिला शक्यच नव्हतं.

तो खुर्चीवर बसला. ओल्या टॉवेलवरच बसला, त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याचे हात मांडीवर होते आणि बोटं एकमेकांना चाचपत होती, स्क्रू आवळल्यासारखी. त्याला असं रिकाम्या हाताने बसलेलं तिने कधी बघितलं नव्हतं. अगदी त्याची आई गेली त्या दिवशीही तो दवाखान्यातल्या पंख्याचं काहीतरी बघत होता. “हा नुसता हट्टीपणा आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“शॉक बसला तुला तर?”

“खटका पडतोय म्हणजे शॉक बसणार नाही. पडायलाच हवा तो.”

त्याने मान वर केली. हे बरोबर होतं आणि ते बरोबर आहे हे त्याला माहीत होतं. जरा वेळाने तो एकदम वेगळ्याच, पडलेल्या आवाजात म्हणाला, “मी काय वाईट केलं ते एकदा सांग तरी. लेक विचारते, शेजारी विचारतात. मला सांगताच येत नाही. दारू नाही, हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. तुझं कधी काही अडू दिलं नाही.”

घरमालकीण होती म्हणून ती गप्प बसली असती, एरवी. पण आता तिला वाटलं, ऐकू दे, सगळ्या इमारतीला ऐकू दे. “हेच,” ती म्हणाली. “अडू दिलं नाहीत. माझ्या हातून तुम्ही कधी काही बिघडूसुद्धा दिलं नाहीत. लोकांच्या हातून बिघडतं, मग ते शिव्या घालतात, मग बसतात, मग जमतं त्यांना. मला ते कुठलंच आलं नाही. मला विजेच्या बोर्डाची भीती वाटते या वयात. ती मी जन्माला येताना घेऊन आले नव्हते.”

“म्हणजे मदत केली हा गुन्हा.”

“गुन्हा नाही म्हणत. गुन्हा असता तर बरं झालं असतं, मी केव्हाच बोलले असते.”

ती वळली आणि बटण खालच्या कॉईलवर नेलं. तिला कळत होतं, की आत्ता नको, थोडं थांबावं, अजून सुकू द्यावं. पण थांबली असती तर त्या दोघांना वाटलं असतं की घाबरली. दिवा जळत राहिला. तिने श्वास मोजले नाहीत. घरमालकीण दारातून पुढे झुकली. तो खुर्चीच्या कडेवर आला. काचेआड खालची कॉईल दिसत नव्हती, पण तळाचा पत्रा तापून एकदा ‘टण्ण’ वाजला, आणि तिला वाटलं, झालं, आणि त्याच क्षणी खट्ट.

अंधुक झालं सगळं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उठला होता, सवयीने, बोर्डाच्या दिशेने. ती मध्ये उभी राहिली. दोघं अगदी जवळ आले, त्याच्या शर्टाचा इस्त्रीचा आणि घामाचा वास आला, इतक्या वर्षांचा. त्याने पिशवीतून टॉर्च काढून बोर्डावर उजेड पाडला.

“बंद करा तो,” ती म्हणाली. “मला दिसतंय.”

उजेड जरा वेळ तसाच राहिला, थरथरला, मग गेला. तिने खुर्ची ओढली, चढली आणि खटका वर केला. दिवा आल्यावर बघितलं तर तो पिशवीची चेन लावत होता.

“कॉईल बदलावी लागेल,” तो शेगडीकडे न बघता म्हणाला. “आपोआप होणार नाही ते. घरी सगळं आहे, तुझ्या माहितीसाठी सांगतो.”

“बरं.”

“चहा नको.”

“बरं.”

तो जिना उतरायला लागला. घरमालकीण त्याच्या पाठोपाठ गेली, आणि पहिल्या वळणावर तिचा दबका आवाज आला, “साहेब, माझ्याकडचा गिझर पण हल्ली नीट तापत नाही…” मग त्या दोघांची पावलं एका दारापाशी थांबली आणि दार लागलं. तिला हसू फुटलं. जोरात फुटलं, भिंतीला टेकून ती हसली. मग डोळे पुसले. बरं झालं. एक माणूस आज हात रिकामे घेऊन घरी जाणार नव्हता.

दुपार कलत गेली. वरची कॉईल केशरी जळत होती. तिने तव्यावर दोन अंडी उकडून खाल्ली, फरशी पुसली, शेगडीच्या मागे वाकून वायर कुठे चिमटली तर नाही ना ते नुसतं डोळ्यांनी बघितलं. काचेवरचा धुरकट पट्टा आकसत आकसत एका कोपऱ्यात गेला होता. मध्ये एकदा तिला वाटलं, तो म्हणतो तेच खरं असेल तर? त्याचं सहसा चुकत नसे. कॉईलच गेलेली असेल, मंगळवारी माणूस येईल आणि तेच सांगेल, आणि तोवर ही खोली गेलेली असेल. मग पुन्हा पाट्या बघत हिंडणं, पुन्हा ‘एकट्याच का?’ या प्रश्नाला उत्तर देणं. ती खिडकीपाशी उभी राहिली. समोरच्या भिंतीवर कुठल्या तरी गळक्या पाइपाचा लांब हिरवट डाग होता. बरं, तिने त्या डागाला सांगितलं, हिंडेन. शेगडी हातगाडीवर घालून हिंडेन. जिथे ती लावू देतील तिथे राहीन. असं म्हटल्यावर खांदे हलके झाले. म्हणजे आता ही कॉईल चालो न चालो, त्यावर काही अवलंबून नव्हतं. तरी पण चालावी असं तिला वाटत होतं. भयंकर वाटत होतं.

काचेवरचा तो कोपराही स्वच्छ झाला तेव्हा तिने बटण फिरवलं. दिवा जळत राहिला. पत्रा ‘टण्ण’ वाजला. दिवा जळत राहिला. ती उभीच होती, एक हात ओट्यावर. फ्रीज थांबला, तिचा जीव खालीवर झाला, मग फ्रीज पुन्हा सुरू झाला. तो नेहमीच तसा थांबायचा. खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला. जिन्यातून वरचे आजोबा काठी टेकत उतरून गेले, आणि दाराखालच्या फटीतून जिन्यातला उजेड दिसत होता, पिवळा, सरळ. तिने ओव्हनवर हात धरला. तळापासून ऊब येत होती. वरून नव्हे, तळापासून. तिने बटाटे धुतले, पुसले, तसेच सालीसकट आत ठेवले आणि दार लावलं. दुसरं काही घरात नव्हतंच.

घरमालकीण आली ती बोटांना तेल लागलेली. ओव्हनकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. “चालला?”

“चालला.”

“साहेबांनी केला?”

“मी केला.”

“हं,” ती म्हणाली, आणि काही क्षण थांबून, नाक फुगवून, “बटाटे वाटतं,” म्हणाली आणि गेली. खोली राहिली.

बटाट्यांच्या साली तडकायला लागल्या होत्या तेव्हा फोन वाजला. तो होता. मागे टीव्ही चालू होता, मग त्याने बंद केला असावा, कारण एकदम शांत झालं.

“झालं का?” त्याने विचारलं.

“झालं.”

“खरंच?” आणि मग तो माणूस, ज्याला तिने दुपारी घरमालकिणीसमोर पाहुणा म्हटलं होतं, आपला अपमान विसरून लहान मुलासारखा पुढे सरकल्याचं तिला फोनमधूनही कळलं. “काय होतं पण? न्यूट्रल सैल होती? की अर्थिंग? कॉईल तशीच ठेवून कसं झालं? काय केलंस तू नेमकं?”

ओल होती, एवढंच सांगायचं होतं. एक शब्द. तो ‘अरे हो!’ म्हणाला असता, त्याला रात्री झोप लागली असती. शब्द तिच्या जिभेवर आला. तिने तो तिथेच धरून ठेवला, आणि तो किती गोड लागतो ते बघत राहिली.

“नाही सांगणार,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे नाही सांगणार. माझं आहे ते.”

पलीकडून त्याचा श्वास ऐकू आला, आणि मग, अगदी हळू, “बरं,” असं. तिने फोन ठेवला, हाताला फडकं गुंडाळलं आणि ओव्हनचं दार उघडलं.